दोन एकर पलीकडचं हरीण

आमच्या भागात बांध बोटभर सरकला तर भावाभावांची तिसरी पिढी कोर्टात तारखा घेत असते. पण त्याच बांधावर उभ्या असलेल्या एखाद्या भावाला विचारा, की निमगाव केतकी किती लांब आहे. तो हनुवटी पुढे करेल आणि म्हणेल, "हे काय, इथंच." हे 'इथंच' दोन किलोमीटर निघेल किंवा चौदा. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते, तेव्हा वारकऱ्यांना दर वळणावर हेच ऐकायला मिळतं. "माउली, मुक्काम किती लांब?" "आलाच की!" वारकरी बिचारे विश्वास टाकून चालत राहतात. पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. त्यालाही बहुधा कुणीतरी इंदापूरच्या बाजूनं 'आलेच बघा' असा निरोप धाडला असावा.

अशा मुलखात रानातलं जनावर किती लांब आहे, हे ठरवायचा प्रसंग आमच्यावर आला. शिकार करायची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. चिंकारा हे हरीण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारणाऱ्याची तीन ते सात वर्षांची सोय सरकार करतं. पण शिकाऱ्याचा जो पहिला प्रश्न, 'किती लांब आहे?', तो बंदूक नसली तरी सुटत नाही. उलट बंदूक नसली की माणूस जास्त ठामपणे अंतर सांगतो, कारण चुकलं तर पुरावा राहत नाही.

बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस आणि राजकारण या दोनच गोष्टी दिसतात. खरं म्हणजे 1885 च्या सुमाराला नीरा डावा कालवा आला आणि त्यानं इकडच्या मुलखाचे दोन तुकडे केले. कालव्याखाली बागायत, वर जिरायत. हा फरक पाण्याचा आहे तसा नजरेचाही आहे. बागायतीतल्या माणसाची नजर दारातून निघते ती दहा फुटांवर उसाला धडकते आणि परत येते. त्याला लांबचं पाहायची सवयच राहत नाही. लांबचं म्हणजे फार तर पुढच्या गळीत हंगामाचं बिल. जिरायतीत मात्र, सुप्याकडं, शिर्सुफळकडं, इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर, नजर सुटली की सुटलीच. मधे एखादी बोर, एखादं हिवर, बाकी गुडघाभर वाळकं गवत आणि त्यावर आभाळ. तिथं माणूस दोन मैलांवरून येणारी एसटी बघतो, मग जेवून घेतो आणि मग थांब्यावर जातो.

आमचे मामा बागायतीतले, पण नोकरी अशी की दोन्हीकडं वावर. भूकरमापक होते. जन्मभर साखळी ओढली. आता मोजणी यंत्रांवर होते, त्यामुळे नव्या पिढीला सांगायला हवं, की गुंठ्याची साखळी 33 फुटांची असते आणि तिचे सोळा आणे असतात. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. मामांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या डोक्यातली साखळी अजून जमा झालेली नाही. लग्नात मांडव पाहिला की ते नवरीकडं न बघता "दीड गुंठा भरेल" असं म्हणतात.

मामांना मी पहिल्यांदा सुप्याला नेलं, मयूरेश्वर अभयारण्यात. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव असलेलं हे अभयारण्य 1997 साली जाहीर झालं. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. मामांनी फलक वाचला, डोळे मिटले आणि हिशोब केला. "पाच पूर्णांक चौदा म्हणजे पाचशे चौदा हेक्टर. म्हणजे साधारण बाराशे सत्तर एकर. एकरी चाळीस टन धरला तर पन्नास हजार टन ऊस. मोठ्या कारखान्याचं आठवडाभराचं गाळप." चिंकारे कान टवकारून ऐकत होते. आपण एका आठवड्याच्या गाळपावरून वाचलो आहोत, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं असावं.

दुसऱ्या खेपेला कडबनवाडी. वनविभागानं अलीकडं कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर गवताळ सफारी सुरू केली आहे. पूर्वी आम्ही ज्याला पडीक रान म्हणायचो आणि ज्याच्याकडं पाठ करून बसायचो, त्याला आता तिकीट लागतं. चिंकारा, लांडगा, खोकड, नशीब थोर असेल तर तरस. गाडीत मी, माझी बायको, मामा, माझा मेहुणा आणि पुढच्या सीटवर गाईड म्हणून गावातलाच एक पोरगा. मेहुणा पुण्यात आयटीत आहे. त्याच्या गळ्यात दुर्बिणीसारखं दिसणारं एक यंत्र होतं. लेझरनं अंतर मोजणारं. अमेरिकेत हे शिकारी वापरतात आणि गोल्फ खेळणारेही. मेहुणा या दोन्हींतलं काही करत नाही. त्यानं ते आतापर्यंत बाल्कनीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी मोजायला वापरलं होतं.

सकाळी सातच्या सुमाराला गाईड म्हणाला, "थांबा. ते काय, उभं हाय."

आम्हा चौघांना काहीही दिसलं नाही. इथं अंतराचा नव्हे, डोळ्यांचाच प्रश्न होता. चिंकाऱ्याचा रंग वाळलेल्या गवताच्या रंगात कालवून तयार केलेला असतो. "कुठं रे?" "हे काय, बोरीच्या अंगाला. दोन एकर सोडून."

आता एकर हे क्षेत्रफळ आहे, लांबी नाही, हे चौथीच्या पुस्तकात असतं. पण आमच्याकडं 'दोन एकर सोडून' हे अंतर सर्वमान्य आहे. त्यात एकर उभा धरायचा की आडवा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकर अगदी चौरस असला तर त्याची बाजू 208 फूट भरते, म्हणजे दोन एकर झाले सव्वाचारशे फुटांच्या आतच. पण आमच्याकडं वाटण्या होऊन होऊन एकर पट्टीसारखे लांबट झालेले आहेत. एखाद्याचा एकर पाटापासून निघतो तो ओढ्यापर्यंत जातो आणि रुंदी एवढीच की बैल वळवताना शेजाऱ्याच्या रानात पाय पडावा. असे दोन एकर उभे धरले तर हरीण पुढच्या गावात निघतं.

शेवटी ते दिसलं. म्हणजे आधी शेपूट दिसलं. चिंकाऱ्याचं शेपूट काळं असतं आणि ते एकसारखं हलत असतं. शेपटाच्या आधारानं मग हरीण सापडलं. नर होता, शिंगं सरळसोट वर गेलेली.

"तीनशे मीटर," मेहुणा म्हणाला.

"चार साखळ्या," मामा म्हणाले. चार साखळ्या म्हणजे 132 फूट. मेहुण्याच्या निम्म्यानं नव्हे, सातव्या हिश्शानं.

"तुळशीबागेच्या गणपतीपासून मंडईपर्यंत," बायको म्हणाली. ती पुण्याची आहे. तिची सगळी अंतरं खरेदीत मोजलेली असतात.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कॉलेजात एनसीसीत होतो. एनसीसीत अंतर ओळखायला शिकवतात. पॉइंट टू टू रायफल, 25 यार्डांवरचं टार्गेट, आणि त्याच्या आधी मैदानावर बसवून उस्ताद समोरचं झाड दाखवून विचारायचे, कितनी दूर? पद्धती बऱ्याच होत्या. डोळ्यांसमोर शंभर यार्डांचं मैदान आणायचं आणि अशी किती मैदानं मधे बसतील ते बघायचं. किंवा अर्ध्यापर्यंतचं अंतर ठरवायचं आणि दुप्पट करायचं. किंवा जास्तीत जास्त किती असेल आणि कमीत कमी किती असेल ते धरून मधला आकडा काढायचा. आणि यातलं काहीच जमलं नाही तर सगळ्यात शेवटची, सगळ्यात लोकशाहीवादी पद्धत: सेक्शनमधल्या प्रत्येकाला विचारायचं, बेरीज करायची आणि माणसांच्या संख्येनं भागायचं. याला सेक्शन ॲव्हरेज म्हणतात. दहा जणांचं अज्ञान एकत्र करून दहानं भागलं की ज्ञान होतं, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. नंतर सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा पाहिल्यावर बसला.

उस्तादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, ती मात्र पक्की लक्षात राहिली. डोळा खोटं बोलतो, पण ठरावीक पद्धतीनं खोटं बोलतो. स्वच्छ ऊन असेल, सूर्य पाठीशी असेल, मधे ओढा किंवा खळगा असेल, तर वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते. धुकं असेल, सूर्य डोळ्यांवर असेल, वस्तू लहान असेल, तर लांब वाटते. आमच्यापुढं पंचाईत अशी की सूर्य पाठीशी होता, मधे खळगा होता, म्हणजे हरीण जवळ वाटायला हवं. आणि हरीण लहान होतं, म्हणजे लांब वाटायला हवं. चिंकारा खांद्याशी जेमतेम 65 सेंटिमीटर असतो. म्हणजे आम्हाला ते जवळही वाटत होतं आणि लांबही, आणि उस्तादांच्या हिशेबानं दोन्ही बरोबर होतं.

"पासष्ट सेंटिमीटर?" मामांचे डोळे चमकले. "म्हणजे दोन फूट दीड इंच. अरे, हा तर एक आणा झाला की!" साखळीचा आणा दोन फुटांच्या किंचित वर भरतो. हरणाची उंची एक आणा आहे, हे कळल्यावर मामांना त्या प्राण्याविषयी जी आपुलकी वाटली ती त्याचे डोळे पाहून वाटली नव्हती.

मग मी अंगठ्याची युक्ती दाखवली. हात पुढं ताठ करायचा, अंगठा उभा, एक डोळा मिटून अंगठा हरणावर धरायचा. मग तो डोळा उघडून दुसरा मिटायचा. अंगठा बाजूला उडी मारतो. आपल्या दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं आणि ताठ हात त्याच्या साधारण दहापट लांब, म्हणून अंगठा तिकडं जेवढा सरकला त्याच्या दहापट हरीण लांब. युक्ती शास्त्रशुद्ध आहे. अडचण एकच: अंगठा तिकडं किती सरकला, ते कळायला हवं. हरणापासून उडालेला अंगठा एका हिवरावर जाऊन बसला होता. आता हरणापासून हिवर किती लांब? म्हणजे एक अंतर ठरवायला दुसरं अंतर आधी ठरवावं लागतं. पतसंस्थेत कर्जाला जामीनदार लागतो आणि जामीनदाराला आणखी एक जामीनदार, तसा प्रकार. मी अंगठा खाली घेतला. गाडीतले चौघेही एक डोळा मिटून अंगठा उभा धरून बसलेले होते आणि समोरचा चिंकारा आमच्याकडं टक लावून पाहत होता. सगळ्यांनी मिळून त्याला शुभेच्छा दिल्यासारखं ते दृश्य होतं.

"भाऊजी, हे सगळं सोडा," म्हणत मेहुण्यानं यंत्र काढलं. त्यानं आधी तत्त्व समजावून सांगितलं. यंत्रातून प्रकाशाची तिरीप निघते, वस्तूवर आपटून परत येते, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. दीडशे मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. हे ऐकून गाईडनं मान डोलावली. मेहुण्यानं नेम धरला, बटण दाबलं. "एकेचाळीस मीटर!"

मामा विजयी झाले. चार साखळ्या म्हणजे बरोबर चाळीस मीटर आणि वर थोडं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की नोकरीतले सगळे मेमो धुऊन निघाले. पण मेहुण्याला शंका आली. त्यानं परत दाबलं. "नऊशे बारा." परत दाबलं. "एकेचाळीस." परत. "नऊशे बारा." एकेचाळीस मीटरवर गवताचा एक उंच झुबका होता आणि नऊशे बारावर मागचा चढ. या दोन्हींच्या मधे हरीण कुठंतरी उभं होतं, पण प्रकाश दर वेळी एकतर अलीकडं अडायचा नाहीतर पलीकडं जायचा. अमेरिकेतल्या शिकाऱ्यालाही गवत हीच अडचण येते, असं मेहुणा म्हणाला. तिकडचं गवतही इकडच्यासारखंच निघालं, याचा मला थोडा आनंद झाला.

बंदुकीच्या काळात ही चूक विनोदी नव्हती. रायफलची गोळी सरळ जाते, हा सिनेमाचा समज आहे. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते. सेकंदाला आठशे मीटरनं निघालेली गोळी 200 मीटरवर पोचेपर्यंत फूट-सव्वा फूट खाली येते, 300 मीटरवर पावणेतीन फूट. म्हणजे हरीण तीनशेवर आणि शिकाऱ्यानं धरलं दोनशे, तर छातीवर धरलेला नेम पोटाखालून निघून जातो. अंतर चुकलं म्हणून वाचलेल्या हरणांची वंशावळ कुणी काढली, तर आज कडबनवाडीत चरणारे बरेचसे चिंकारे हे चुकलेल्या गणिताची संतती आहेत असं निघेल. आपल्याकडच्या राजांनाही हा छंद होताच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात करमणुकीच्या प्रकारांत मृगया आहे. त्याआधीचे दोन दाखले तर घरोघरी ठाऊक. दशरथानं नुसत्या आवाजावरून अंतर ठरवलं आणि श्रावणबाळ गेला. त्याच्या मुलानं डोळ्यांनी ठरवलं, तर मारीच दर खेपेला 'हे काय, इथंच' करत त्याला आश्रमापासून लांब घेऊन गेला. मारीच मूळचा कुठला, यावर संशोधन व्हायला हवं.

आमच्या घरात शिकारीचं अंतर म्हणजे आजोबांचं डुक्कर. आजोबांकडं ठासणीची बंदूक होती. तिच्यात दारू, चिंध्या आणि छर्रे ठासून भरायला एवढा वेळ लागायचा, की डुकरानं तेवढ्यात अर्धा गुंठा भुईमूग उकरावा. अशा बंदुकीचा टप्पा पन्नास-साठ पावलांचा. त्यापुढं ती आवाज करण्यापुरती. आजोबांनी एका रात्री शेतात घुसलेलं रानडुक्कर मारलं, हे खरं आहे; सुळा आमच्या घरात आहे. मी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा डुक्कर चाळीस पावलांवर होतं. मी सातवीत गेलो तेव्हा ते ऐंशीवर सरकलं. माझ्या लग्नात वऱ्हाडापुढं दीडशे. आजोबा वारले त्या वर्षी डुक्कर दोनशे पावलांवर होतं. माणूस गेल्यावर तरी ते थांबेल असं वाटलं होतं, पण ती जबाबदारी वडिलांनी घेतली. आता ते ओढ्याच्या पलीकडं आहे आणि अमावास्या आहे.

त्या बंदुकीचा एक शब्द मात्र मागं राहिला. टप्पा. 'टप्प्यात येऊ द्या, मग कार्यक्रम करू' हे वाक्य आज पश्चिम महाराष्ट्रात शिकारी म्हणत नाहीत, पुढारी म्हणतात. आमच्याकडं जंगल कमी झालं, बंदुका परवान्यासकट पोलीस ठाण्यात जमा झाल्या, पण टप्प्याचा अंदाज असलेली माणसं दर निवडणुकीला दिसतात. त्यांना लेझर लागत नाही. माणूस नजरेनं तोलतात आणि बरोबर वेळेला चहाला बोलावतात.

असो. माळावर परत जाऊ.

"थोडं पुढं घे की गाडी," मेहुणा म्हणाला. गवताचा झुबका टाळून त्याला नेम धरायचा होता.

गाईडनं मान हलवली. "आता पुढं न्हाय. हितंच टप्पा हाय त्याचा."

"कुणाचा?"

"हरणाचा."

त्यानं मग जे सांगितलं त्यानं आमच्या सेक्शन ॲव्हरेजची अब्रू गेली. तो त्या माळावर लहानपणापासून शेळ्या चारत आलेला. म्हणाला, शेळ्या घेऊन गेलं तर चिंकारा आपल्याला गोफणीच्या टप्प्यापर्यंत येऊ देतो. नुसता मोकळा माणूस चालत आला तर त्याच्या कितीतरी आधी निघतो. मोटरसायकल सरळ रस्त्यानं गेली तर मान वर करून बघतो आणि परत चरतो. तीच मोटरसायकल थांबली, की गेला. सफारीची गाडी त्याला पाठ झालेली आहे. ती अमुक बोरीपर्यंत आली तरी चालते, त्याच्या पुढं चाक फिरलं की पळ. "आणि कुत्रं असलं तर?" मी विचारलं. "कुत्र्याला तर लय लांब धरतंय."

म्हणजे गेला अर्धा तास आम्ही चौघे एक लेझर घेऊन त्याचं अंतर काढत होतो आणि त्यानं आमचं केव्हाच काढून ठेवलं होतं. नुसतं आमचं नाही, आमच्या जातकुळीसकट. धनगर वेगळा, पर्यटक वेगळा, कुत्रं वेगळं, प्रत्येकाला वेगळी साखळी.

ही गोष्ट जुन्या शिकाऱ्यांना पक्की माहीत होती आणि त्यांनी तिचा फायदाही घेतला. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार व्हायची. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. तो चित्ता रानात कशातून न्यायचा? बैलगाडीतून. डोळ्यांवर टोपडं बांधून त्याला गाडीत बसवायचं आणि बैल निवांत हाकायचे. काळविटाला शेतकऱ्याची बैलगाडी जन्मापासून ओळखीची. ती कधी कुणाच्या मागं धावली नव्हती. म्हणून ते गाडीला शंभरेक यार्डांपर्यंत येऊ द्यायचं. मग टोपडं निघायचं. चित्ता जगात सगळ्यात वेगवान असेल, पण फार वेळ धावू शकत नाही. त्याचं सगळं भांडवल त्या पहिल्या काही सेकंदांचं. ते अंतर त्याच्यासाठी बैल कापून द्यायचे. काळविटाचा अंदाज चुकलेला नसायचा. गाडी किती लांब आहे हे त्याला बरोबर कळलेलं असायचं, गाडीत कोण आहे ते कळलेलं नसायचं.

मामांना हे सगळं ऐकून राहवेना. "मी खाली उतरून पावलं टाकतो. चाळीस वर्षं माझं पाऊल अडीच फुटांचं आहे. आत्ता मिटवतो वाद."

"उतरायचं न्हाय, मामा," गाईड म्हणाला. वनखात्याचा नियम होता. त्यानं 'मामा' म्हणताना आवाज इतका मऊ केला होता, की मामांना रागावता येईना. त्यांनी दाराच्या कडीवर ठेवलेला हात तेवढा सरकवला. कडीचा 'खट्' आवाज झाला.

चिंकारा जागेवरून उडाला. पळाला म्हणत नाही, उडालाच. चारही पाय एकदम वर, मग गवतावरून तीन-चार लांब ढेंगा आणि मागच्या चढाच्या अलीकडं तो परत थांबून वळून उभा राहिला. शेपूट चालूच.

"आता किती?" बायकोनं विचारलं.

"चार एकर," गाईड म्हणाला. या वेळी कुणी वाद घातला नाही.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर मामांचा फोन वाजला. मामी होत्या. मामांची वस्ती कालव्याखाली, तिन्ही बाजूंनी ऊस. गेल्या काही वर्षांत तिकडं उसात बिबटे येऊ लागलेत, त्यामुळे मामींनी "अहो" म्हटल्याबरोबर आम्हाला विषय कळला. "पाटाच्या पलीकडं दिसलाय म्हणे."

पाट वस्तीपासून आठ साखळ्या. मामा शांत होते. दहा मिनिटांनी परत फोन. बिबट्या विहिरीपाशी. विहीर साडेतीन साखळ्या. मामांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "दहा मिनिटांत साडेचार साखळ्या. म्हणजे चालतोय. पळत नाही." आणखी पाच मिनिटांनी बिबट्या गोठ्यामागं. गोठा नऊ आणे. इथं मामांनी चालकाला, म्हणजे मला, जरा चेपायला सांगितलं.

जनावराच्या गोष्टीत एक मजा असते. मारलेलं जनावर दर वर्षी लांब जातं आणि न मारलेलं दर तासाला जवळ येतं. आमचं डुक्कर ओढ्यापार जायला तीस वर्षं लागली. बिबट्या पंधरा मिनिटांत गोठ्यात आला.

वस्तीवर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. वीस-पंचवीस माणसं जमली होती, दोन ट्रॅक्टरचे दिवे उसावर सोडलेले. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकच होता, शेजारच्या वस्तीवरचा. "केवढा होता?" "वासराएवढा." "किती लांबून बघितला?" त्यानं एक हात उसाकडं आणि दुसरा स्वतःच्या छातीकडं केला. "हितनं तितं."

मेहुण्यानं यंत्र काढलं आणि उसावर धरलं. सगळे गप्प झाले. "चार मीटर," तो म्हणाला. ऊस चार मीटरवर होता. उसाच्या आत काय होतं आणि किती आत होतं, ते यंत्राला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मामांनी घसा साफ केला. सरकारी माणूस, धीर देणं त्यांचं काम. "घाबरायचं कारण नाही. बिबट्या खांद्याशी साठ-सत्तर सेंटिमीटर असतो. म्हणजे चिंकाऱ्याएवढाच. एक आणा."

"आणा असू द्या नाहीतर रुपया," मामी दारातून म्हणाल्या, "तुम्ही आधी आत या."

गाडीपासून दारापर्यंतचं अंतर मी दुसऱ्या दिवशी उजेडात पावलांनी मोजलं. अकरा भरली. मामांनी ती चारात उरकली होती.